काढायचं काय, ठेवायचं काय

जुने सर्किट बोर्ड खोलत बसते असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग, सोनं किती निघतं?" कॉम्प्युटरमध्ये सोनं असतं हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि ते खोटंही नाही. पण किती असतं, हे एकदा कागदावर मांडून बघितलं की विचारणाऱ्याच्या डोळ्यातली चमक बरीच उतरते.

रॅमची एक पट्टी घ्या. डीडीआर३ या जातीची असेल तर तिच्या कडेला दोन्ही बाजू मिळून २४० सोनेरी बोटं असतात. एकेक बोट साधारण पाऊण मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर लांब. वर सोन्याचा मुलामा, त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. चांगल्या प्रतीच्या कामात हा मुलामा पाऊण मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे एक मिलिमीटर जाडी भरायला असे तेराशेहून जास्त थर एकावर एक रचावे लागतील. आता गुणाकार करा. सगळ्या बोटांचं क्षेत्रफळ ४५० चौरस मिलिमीटर, जाडी ०.०००७५ मिलिमीटर, सोन्याची घनता १९.३. उत्तर येतं साडेसहा मिलिग्रॅम. एक ग्रॅम सोन्यासाठी दीडशेहून जास्त पट्ट्या, तेही कणभर वाया गेला नाही तर. स्वस्तातल्या पट्ट्यांवरचा मुलामा याहून पातळ असतो, त्यांचा हिशेब करायलाच नको.

म्हणून मी सोन्याचा विचार सोडून दिला आणि वजनाचा धरला. किरकोळ माणसाला बोर्डातलं सोनं वाढवता येत नाही आणि धडपणे बाहेरही काढता येत नाही. हातात एवढंच असतं, की सोन्याभोवतीचा भार हलका करायचा. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून घडवली, हे अनेकांनी वाचलं असेल. त्यासाठी ७८,९८५ टन उपकरणं गोळा झाली, शिवाय लाखो मोबाइल. सोनं मिळालं ३२ किलो. टनामागे अर्धा ग्रॅमही नाही! खाणीतल्या बऱ्यापैकी खनिजातही याहून जास्त सापडतं. आणि तरीही चांगल्या कॉम्प्युटर बोर्डांच्या एका टनात शे-दोनशे ग्रॅम सोनं असतं, हेही खरंच आहे. या दोन आकड्यांच्या मधे काय आहे? पत्रा, प्लॅस्टिक, काच, मोटारी, वायरी. उपकरणातून बोर्ड वेगळा काढला की त्यातला बहुतेक भार एका फटक्यात निघून जातो. त्यानंतर बोर्डावरून काय काढायचं, हा त्याच कामाचा पुढचा, जास्त बारीक आणि जास्त फसवा भाग.

फसवा अशासाठी, की बोर्ड कसा विकला जातो हे समजून न घेता पक्कड हातात घेतली की नुकसान ठरलेलं. मोठ्या मालाची रीत वेगळी असते. सगळा माल भरडतात, त्यातून नमुना घेतात, नमुन्याची भट्टीत परीक्षा होते, त्यात जे धातू सापडले त्यांचे पैसे शुद्धीकरणाचा खर्च वजा करून मिळतात. तिथल्या घेणाऱ्याला बोर्ड दिसायला कसा आहे याच्याशी कर्तव्य नाही. पण पोतं-दोन पोती माल असलेल्याची परीक्षा कोण करणार? तिथे घेणाऱ्याचा डोळा आणि काटा, एवढीच प्रयोगशाळा. तो पोत्यात हात घालतो, तीन-चार बोर्ड उलटसुलट करतो आणि प्रत ठरवतो. सर्व्हरचे आणि टेलिफोन यंत्रणेचे बोर्ड वर, त्याखाली साधे मदरबोर्ड, त्याखाली प्रिंटर, डीव्हीडी वगैरेंचे, आणि तळाला टीव्हीचे आणि पॉवर सप्लायचे, ज्यांवर चिप कमी आणि अवजड माल जास्त. दोन प्रतींमधला फरक किलोमागे कितीतरी पट असू शकतो.

हा डोळा सगळ्यात आधी काय शोधतो? जे नाही ते. चिपच्या जागी रिकामे चौकोन, उखडलेले तांब्याचे ठिपके, तापवून काळवंडलेला बोर्ड. दात पडलेल्या तोंडासारखा तो बोर्ड पटकन ओळखू येतो. मग पहिला प्रश्न असतो, "ताई, हे कुणी उचकटलं?" प्रश्न साधा वाटला तरी त्यात भाव पडलेला असतो. त्याचं म्हणणं बरोबरच आहे. एक चिप गेलेली दिसतेय, तर न दिसणारं काय काय गेलं असेल? परीक्षा करायला साधन नाही म्हटल्यावर संशयाचे पैसे तो कापून घेतो, आणि एका बोर्डाचा संशय सगळ्या पोत्याला लागतो. प्रोसेसर आणि रॅम काढलेले चालतात, कारण ते मुळात निघण्यासाठीच बसवलेले असतात. सोल्डर केलेली, म्हणजे वितळवलेल्या धातूने डकवलेली चिप काढली की बोर्ड खालच्या प्रतीत.

रॅमच्या पट्टीचंही तेच. सोनेरी कड कातरून वेगळी विकणारे आहेत. कड किलोमागे महाग जाते खरी, पण पट्टीच्या वजनात ती किती भरते? उरलेली पट्टी 'कातरलेली' ठरते आणि तिचा भाव उतरतो. कातरण्यात गेलेला वेळ तर कुणी धरतच नाही. एका डब्यात चमचमणारी कड बघून समाधान मात्र भरपूर मिळतं, आणि मला वाटतं, बरेच जण तेवढ्यासाठीच कातरतात.

आता उलट बाजू. हीटसिंक, म्हणजे चिप थंड राहावी म्हणून तिच्यावर बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा. तो काढायचा की ठेवायचा? काटा वजनाचा आहे, ठोकळा जड आहे, बोर्डाचा भाव अ‍ॅल्युमिनियमपेक्षा चढा आहे. मग तो बोर्डाच्या भावातच गेलेला काय वाईट? नुसते आकडे धरू. बोर्डाचा भाव दहा, अ‍ॅल्युमिनियमचा चार. ठोकळ्यासकट बोर्ड एक किलो, त्यात ठोकळा दोनशे ग्रॅम. घेणाऱ्याने काही न बोलता घेतला तर दहा मिळाले. ठोकळा काढून विकला तर आठशे ग्रॅमचे आठ आणि अ‍ॅल्युमिनियमचे ऐंशी पैसे, म्हणजे आठ-ऐंशी. काढल्याने तोटाच! पण घेणारा दूधखुळा नसतो. ठोकळ्यासकट बोर्डाला तो आठचा भाव लावतो, म्हणजे सगळ्या किलोचे आठ. आता काढलेलं बरं, कारण आठाचे आठ-ऐंशी झाले. म्हणजे हीटसिंक काढण्यात फायदा आहे की नाही, हे हीटसिंकवर ठरतच नाही. घेणारा त्याच्यासाठी किती कापतो यावर ठरतं. हे आधी विचारून घ्यावं लागतं, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. मी आता नवा माणूस असला की दोन बोर्ड नेते, एक साफ आणि एक तसाच, आणि दोन्हींचा भाव विचारते. पक्कड त्यानंतर.

असे हिशेब करता करता एक गोष्ट ध्यानात आली आणि मग हाताला वळणच लागलं. श्रीमंत बोर्डावरून वाईट ते काढायचं, गरीब बोर्डावरून चांगलं ते काढायचं. मदरबोर्डवर चिप, सोनेरी सॉकेट आणि बारीक भाग आहेत, त्यांना हात लावायचा नाही. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, प्लॅस्टिकच्या खिट्ट्या आणि बॅटरी काढून टाकायची. पॉवर सप्लायच्या तपकिरी बोर्डाला मुळात भावच नाही. तिथे बोर्ड हाच गाळ, आणि त्याच्यावरचं तांबं, अ‍ॅल्युमिनियम, वायर काढून घेतली की उरलेला सांगाडा कुठल्याही भावाने गेला तरी चालतो. दोन्हीकडे काम तेच, स्क्रू तेच, पण हातांनी उलटा विचार करायचा. नवखा माणूस नेमकं याच्या विरुद्ध करतो. महाग बोर्डावरच्या चिप उपटतो, कारण त्या 'सोन्याच्या', आणि पॉवर सप्लाय तसाच पोत्यात टाकतो, कारण त्यात 'काही नाही'.

पॉवर सप्लायचा बोर्ड खरं तर बघण्यासारखा असतो. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं एक जाड कडं असतं, त्यावर जाडजूड तांब्याची तार गुंडाळलेली. रंगाने गोंधळू नका, तो कड्याच्या आतल्या लोखंडी भुकटीची जात सांगणारा असतो. तारेचं टोक सोल्डरमधून सोडवलं की ती हाताने उलगडत जाते. तारेवर वॉर्निश असतं म्हणून तिला चकचकीत तांब्याचा भाव नाही, तरी बोर्डापेक्षा कितीतरी बरा. ट्रान्सफॉर्मर मात्र हट्टी. फेराइट या ठिसूळ चुंबकीय पदार्थाचे दोन ठोकळे वॉर्निशने चिकटवलेले, वरून पिवळी टेप. फेराइट फोडून आतलं तांबं काढायचं म्हटलं तर तुकडे उडतात, गॉगल लागतोच, आणि वेळ इतका जातो की मी तो अख्खाच वेगळ्या डब्यात टाकते. तांब्याच्या काही हिश्शाने त्याचा भाव होतो, पुष्कळ झाला. आणखी एक, स्वस्त मालात तार तांब्याची दिसते आणि निघते अ‍ॅल्युमिनियमची, वरून तांब्याचा पातळ थर. कानशीने एकदा घासायचं. पांढरं दिसलं की डबा बदलायचा.

आणि या बोर्डावरचा तो सगळ्यात मोठा, डब्यासारखा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा भाग. त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि ते उगाच नसतं. वीज काढून टाकल्यानंतरही त्यात विद्युतभार राहू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने दोन टोकं जोडून ठिणगी पाडणारे शूर वीर मी पाहिलेत. त्यात ड्रायव्हरचं टोक जळतं, कधी डोळ्याशी खेळ होतो. मीटर लावावा, भार असेल तर रेझिस्टरमधून निवांत उतरू द्यावा. एक मिनिटही लागत नाही.

मदरबोर्डचं काम याहून नाजूक आणि मला जास्त आवडतं. आधी पाठ बघायची. हीटसिंक बहुधा प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांवर बसलेला असतो, स्प्रिंग लावलेल्या; बोर्ड उलटा करून खिट्टीच्या फाकलेल्या टोकाला पकडीने चिमटलं की ती वर उडी मारते. पण खिट्ट्या निघाल्या म्हणून ठोकळा ओढायचा नाही. खालची मलम वर्षानुवर्षांनी सुकून गोंद झालेली असते. सरळ वर ओढलात तर ठोकळ्याबरोबर चिपही येते, तिच्याखालच्या सोल्डरच्या सगळ्या गोळ्या उखडून, आणि तुमचा बोर्ड आपोआप खालच्या प्रतीत जातो. ठोकळा दोन्ही बाजूंना थोडा थोडा पिळायचा, झाकण फिरवल्यासारखा. कट असा बारीक आवाज येतो, आणि मग तो सहज उचलला जातो. चिप जागेवर, वर करडी मलम पसरलेली.

सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो त्या खाचेचं, वेगळंच. इंटेलने २००४ मध्ये एलजीए७७५ आणलं, तेव्हा पिना प्रोसेसरवरून निघून सॉकेटात आल्या. नावातल्या आकड्याएवढे, ७७५ बारीक वाकडे स्प्रिंगसारखे संपर्क, सोन्याच्या मुलाम्याचे. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिने साध्या डेस्कटॉपसाठी हा बदल २०२२ मध्ये, एएम५ सॉकेटपासून केला. म्हणजे त्याआधीच्या एएमडी प्रोसेसरला पिना आहेत आणि त्याच्या बोर्डावर नुसतं भोकाभोकांचं प्लॅस्टिक. दोन बोर्ड शेजारी ठेवले तर वरवर सारखे, पण सोनं कुठल्या पोत्यात गेलं ते वेगळं. एलजीएच्या सॉकेटभोवती लोखंडी चौकट असते आणि खाली लोखंडी पाठ. हे लोखंड काढायचं, सॉकेट ठेवायचं. स्क्रू ताऱ्याच्या आकाराच्या डोक्याचे असतात, त्यांना त्यांचाच ड्रायव्हर लावावा. लोखंड हातात घेतल्यावर कळतं, आपण बोर्ड म्हणून केवढा पत्रा वाहत होतो.

बॅटरी काढायची की नाही, याला भावाचा हिशेब लावायचा नाही. सीआर२०३२, वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नावातच माप. आत लिथियम. पोत्यात बोर्डावर बोर्ड रचले की एखाद्या बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टोकांनी तिचे दोन्ही ध्रुव जोडले जातात, ती तापते, आणि भरडायच्या यंत्रात गेली तर ठिणगी ठरलेली. भंगाराच्या गोदामांना लागणाऱ्या आगींमध्ये लिथियम बॅटऱ्यांचा हात मोठा असतो. काढल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ठेवायची. जुन्या, १९९०च्या दशकातल्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमचा छोटा पिंप असतो आणि बहुतेक वेळा तो फुटून त्याच्याभोवती हिरवट बुरशीसारखं साचलेलं असतं. ते नखाने खरवडायचं नाही.

मधल्या वाटेवरचे भाग खरे डोकं खातात. टँटलम नावाच्या दुर्मिळ धातूचे कंडेन्सर पिवळे किंवा काळे, छोट्या विटेसारखे, एका टोकाला पट्टा. (साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या कंडेन्सरवरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो आणि टँटलमवरचा धन. हे कुणी ठरवलं त्याच्याशी मला एकदा बोलायचंय.) टँटलमची गंमत अशी, की तो काढला नाही तर तो कुणालाच मिळत नाही. बोर्ड शेवटी तांब्याच्या भट्टीत जातात. बेल्जियममधल्या होबोकेनला किंवा स्वीडनमधल्या रोन्स्कारला अशा मोठ्या भट्ट्या आहेत. तिथे वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम यांना आपल्यात ओढून घेतं आणि पुढच्या टप्प्यांत एकेक करून सोडतं. बोर्डाचं राळ आणि प्लॅस्टिक जळून इंधनाचं काम करतं. पण अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि टँटलम ऑक्सिजनला चिकटतात आणि मळीबरोबर वाहून जातात. म्हणजे आपण काढलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पुन्हा अ‍ॅल्युमिनियम होतो, न काढलेला खडी होतो. घेणारा त्यासाठी भाव का कापतो, हे भट्टी समजल्यावर मला समजलं. त्याआधी मी त्याला निव्वळ चिकट समजत होते.

या न्यायाने टँटलम काढायला हवा. पण साध्या मदरबोर्डवर तो जवळजवळ नसतोच. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या कार्डांवर, मोजमापाच्या यंत्रांत तो रांगेने बसलेला मिळतो. तेवढ्यापुरती छिन्नी हातात घ्यावी, आणि तीही घेणारा आधी नक्की असेल तरच. वाटीभर टँटलम घेऊन हिंडण्यात अर्थ नसतो.

वाळूच्या दाण्याएवढ्या सिरॅमिक कंडेन्सरांबद्दल तर मोठमोठ्या आशा असतात, कारण त्यांत पॅलेडियम असतो असं ऐकलेलं असतं. असायचा. या कंडेन्सरच्या आत सिरॅमिक आणि धातूचे पापुद्रे एकाआड एक असतात, आणि तो धातू पूर्वी पॅलेडियम-चांदीचा होता. २०००च्या सुमारास पॅलेडियमचे भाव असे काही भडकले, की आधीच निकेलकडे वळू लागलेल्या कारखान्यांनी मग मागे पाहिलं नाही. त्यामुळे बोर्डाचं वय कळणं महत्त्वाचं, आणि ते चिपवरच लिहिलेलं असतं. नाव-नंबराखाली बहुतेकदा चार आकडे असतात, ९६३४ असे. १९९६ सालचा चौतिसावा आठवडा. भिंग घेऊन चार-पाच चिपवरचे आकडे वाचायचे. सगळ्यात नवा आकडा धरायचा, बोर्ड त्यानंतर कधीतरी जुळवलेला. एकदा ही सवय लागली की बोर्ड बोलायला लागतो. २००६च्या जुलैमध्ये युरोपात सोल्डरमधल्या शिशावर बंदी आली, तेव्हा त्याआधीच्या बोर्डावर बहुधा शिसं-कथिलाचं, १८३ अंशांना वितळणारं सोल्डर. नंतरच्यावर कथिल-चांदी-तांब्याचं, वितळायला २१७ अंश लागणारं. चिपच्या आतली केसाहून बारीक तारही पूर्वी सोन्याची असे, पुढे सोनं महागलं तशी अनेकांनी ती तांब्याची केली. थोडक्यात, दिसायला दोन्ही हिरवे, पण जुना बोर्ड श्रीमंत घरचा. लोहचुंबक लावून निकेल ओळखायची युक्ती काही जण सांगतात. तिच्यावर फार विसंबू नये, कारण या कंडेन्सरच्या टोकांवरच्या मुलाम्यातही निकेल असतं आणि चुंबक त्यालाही ओढतं.

आणि मग ते आम्ल. सोनं 'घरच्या घरी' काढणाऱ्यांबद्दल मला फार मवाळ होता येत नाही. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण सोनं विरघळवतं, हे शेकडो वर्षं ठाऊक आहे. त्यातून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसाचं काय करतो आणि उरलेलं शिसं-तांबं मिसळलेलं आम्ल कुठे ओतायचं, हे व्हिडिओत नसतं. बोर्ड उघड्यावर तापवणं त्याचंच भावंड. बोर्डाच्या राळेत आग लागू नये म्हणून ब्रोमिनची संयुगं घातलेली असतात. ती धुमसली की डायॉक्सिनच्या जातीची विषं तयार होतात. मोठ्या भट्टीत हा धूर प्रचंड तापमानाला जाळून, झटकन थंड करून, गाळून सोडतात. अंगणातल्या शेगडीवर त्यातलं काहीच होत नाही. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातलं गुइयू हे गाव अशा कामासाठी जगभर ओळखलं गेलं. तिथल्या मुलांच्या रक्तातलं शिसं शेजारच्या गावातल्या मुलांपेक्षा जास्त असल्याचं तपासण्यांत दिसलं होतं. कंडेन्सर ओढायला हीट गन धरणारी मीही आहे, पण ती क्वचित, खिडकीबाहेर पंखा लावून, आणि सोल्डर वितळेपर्यंतच. बोर्डाला वास सुटला की थांबायचं. खरं सांगायचं तर वजनावर विकायच्या मालाला उष्णता लागतच नाही. जे काढायचं ते स्क्रूने, पकडीने आणि कापणीने निघतं.

२०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, असं संयुक्त राष्ट्रांचा २०२४चा अहवाल सांगतो. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद असलेला २२.३ टक्के. या आकड्यांपुढे माझं टेबल म्हणजे काहीच नाही, आणि मी जगाचा उद्धार करतेय अशी समजूत मी करूनही घेत नाही. मला स्क्रू काढायला आवडतात. पण बघता बघता हेही कळलं, की हा माल जितक्या आधी आणि जितका नीट वेगळा होईल तितकं पुढे कमी जळतं.

चिप सोल्डरवरून काढायला माझ्या मते एकच सबळ कारण आहे: ती चिप म्हणून कुणाला हवी असेल तर. बंद पडलेल्या मालिकेतला एखादा कंट्रोलर, जुन्या संगीतयंत्रातली आवाजाची चिप, ज्यांचं उत्पादन कधीच थांबलं. दुरुस्ती करणारी माणसं अशा चिपसाठी वणवण करतात, आणि तिथे भाव वजनाचा नसतो, नगाचा असतो. मग मात्र बोर्डाची प्रत गेली तरी हरकत नाही, एकच नग अख्ख्या बोर्डाचे पैसे वसूल करतो.

पण याच वाटेवर एक काळा धंदाही आहे. बोर्डावरून उचकटलेल्या चिप घासून वरचं नाव पुसायचं, काळा लेप द्यायचा, नवं नाव आणि नवा आठवडा छापायचा आणि कोरी म्हणून विकायची. अमेरिकेच्या सिनेटच्या संरक्षण समितीने याची चौकशी करून २०१२ मध्ये अहवाल दिला; तिला लष्करी पुरवठ्यात अशा संशयित मालाची सुमारे १,८०० प्रकरणं सापडली, सुट्या नगांचा आकडा दहा लाखांच्या वर. भंगारातली चिप विमानात! तिचा आधीचा जन्म किती तापला, किती भिजला, कुणी कसा उपटला, काही ठाऊक नाही.

म्हणून माझ्याकडून चिप गेली तर पाकिटावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: वापरलेली, बोर्डावरून काढलेली, तपासलेली किंवा न तपासलेली. यामुळे भाव कमी येतो, येऊ दे. मध्यंतरी एकाने बरेच नग एकदम मागितले. अट एकच होती, पाकिटावर काही लिहायचं नाही आणि पायांवरचं सोल्डर पुसून द्यायचं. त्याला पैसे चांगले द्यायचे होते. मी त्याला चिप दिल्या नाहीत. तो ज्यांवर डोळा ठेवून होता ते बोर्ड अजून पूर्ण आहेत, लोखंड काढलेले, बॅटरी काढलेले, चिप जागच्या जागी. पुढच्या खेपेला वरच्या प्रतीत वजनावर जातील.